गार का गरम?

मधली सुट्टी व्हायची होती. मी सातवीच्या वर्गाला त्रैराशिक शिकवत होतो, तेवढ्यात शिपाई दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, सांगलीचा फोन हाय. हेडसर बोलावत्यात." सांगलीचा फोन म्हणजे दाजींचाच, दुसरं कोण करणार? माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान शंकरराव. रविवारी ते दोघं साताऱ्याला यायचे होते आणि मटण करायला मला आधीच बजावून ठेवलं होतं. आता आणखी काय हवंय ते सांगायला फोन केला असेल, अशा समजुतीनं मी हसतच ऑफिसात गेलो. रिसिव्हर उचलून "काय दाजी, पाया का मुंडी?" असं म्हणालोसुद्धा. पलीकडे त्यांच्या गल्लीतला किराणा दुकानदार होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमी निघा. शंकरराव गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं हो... हेडसर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी पुन्हा एकदा विचारलं की कुठं गेले, कारण रविवारी ते माझ्याकडे यायचे होते.

साताऱ्याहून सांगलीला जाताना एस.टी. कऱ्हाडला थांबली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला प्रेमानं "चहा घ्यायचा का?" असं विचारलं, तर त्याच्यावर मी खेकसलो. माणूस काल होता आणि आज नाही, ही काय थट्टा आहे? आजारी नाही, अंथरूण नाही, खोकलासुद्धा नाही. पंचेचाळिशी ओलांडलेली नव्हती. जायचं वय माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं होतं आणि तो खुशाल भजी खात बसला होता, असलं वेडंवाकडं मनात येत होतं. पोचलो तेव्हा आक्का घरात नव्हती, घरापुढच्या दाजींच्या गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात जमिनीवर बसली होती. त्यांची रिकामी लाकडी खुर्ची समोर, चहाचा कप खुर्चीखाली. मला बघून रडली नाही. नुसती म्हणाली, "च्या दिला, आन् चूल बघाय आत गेली. माघारी आली तर डोळं मिटलेलं. म्हटलं, डुलकी लागली आसंल... हात लावला. गार रं, बाळू... गार."  डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं. पडलं म्हणजे काय? बटण होतं का ते? मला अजूनही त्या शब्दाचा राग येतो.

काही आठवडे झाले त्याला. दिवस झाले, पाव्हणे गेले, शाळा सुरू आहे, मी त्रैराशिक पुन्हा शिकवलं. तरीही मधल्या सुट्टीच्या आधी कुणी दारात उभं राहिलं की हातातला खडू थांबतो. म्हणून लिहायला बसलो. लिहून काही होत नसतं, ठाऊक आहे मला. पण गप्प बसूनही होत नाही.

दाजी फौजेत होते, गाड्या दुरुस्त करायच्या तुकडीत. आक्काचं लग्न झालं तेव्हा आमच्या कोरेगावात त्यांच्या मिशीची चर्चा महिनाभर चालली होती. पुढं त्यांची बदली लडाखात झाली, आणि एका हिवाळ्यात बिघडलेला ट्रक घाटात सोडून न येता ते रात्रभर त्याच्याशी झटत राहिले. ट्रक सुरू झाला. हात मात्र बर्फानं खाल्ले. कापावे लागले नाहीत एवढंच. "बोटं ऱ्हायली, कळ गेली," असं ते म्हणायचे. दोन्ही हातांच्या बोटांना टोकाकडून काही कळायचं नाही. सुई टोचा, निखारा ठेवा, सारखंच. फौजेनं घरी पाठवलं.

आम्हाला हे कळलं ते चहामुळं. कोरेगावला आले होते, आई चुलीपुढं होती, पातेलं उतू चाललं आणि दाजींनी ते नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवलं. आईनं तोंडात बोट घातलं. "काय धीट हाय जावई माझा!" ती गावभर सांगत सुटणार तेवढ्यात आक्कानं त्यांचा हात ओढून पाण्यात बुडवला आणि आईवर डाफरली, "धीट न्हाईत, आई. त्यास्नी कळत न्हाई." तेव्हापासून आक्का त्यांच्या हातात कप देताना न चुकता म्हणायची, "गरम हाय, जपून." आणि आक्का जवळ नसली की ते कप आधी गालाला लावून बघायचे. हॉटेलात लोक बघायचे टकमका. मी चिडवायचो, "दाजी, चहाचा मुका घेताय काय?" तर म्हणायचे, "मास्तर, माजं थर्मामीटर घरी ऱ्हायलंय, काय करू?"

सांगलीत त्यांनी मिरज रस्त्याला पत्र्याचं वर्कशॉप टाकलं. बोटांचं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून कोण गाडी देणार? पण लपतं थोडंच. नट हातातून सुटायचे, स्क्रू बसला की नाही ते बघायला वाकावं लागायचं, दुसरा मेकॅनिक तासात करील त्याला यांना दुपार लागायची. गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा वर्कशॉपात एक मोडकी जीप होती आणि तीही कुणी सोडून दिलेली. आई त्या वेळी आक्काकडेच राहायला आलेली. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की कुपवाडला एका कारखान्यात वॉचमनची जागा आहे, माजी सैनिक म्हणून दाजींना मिळालीय, सोमवारपासून जायचंय. रात्री जेवताना दाजी हसून म्हणाले, "बरं हाय की मास्तर. दार उघडायचं, दार झाकायचं. त्याला बोटं लागत न्हाईत." आक्का वाढता वाढता थांबली. 

आणि त्याच आठवड्यात आण्णांची गाडी आली. आण्णा हळदीचे मोठे व्यापारी. धोतर, टोपी, हाताची बोटं बाराही महिने पिवळी. त्यांनी हौसेनं मुंबईहून एक परदेशी गाडी आणली होती, आमच्या वर्गाएवढी लांब. तिची गंमत अशी की आत किती थंडावा हवा तो आकडा लावून ठेवायचा, मग गाडी आपली आपण कधी गार, कधी गरम वारा सोडून तेवढाच राखायची. माणसानं हात लावायचा नाही. पण ऐन मे महिन्यात ती गाडी नुसता गरम वारा फेकत होती. आकडा कुठलाही लावा, भट्टी! पुण्या-कोल्हापूरचे मेकॅनिक हात टेकून गेले होते. कुणीतरी आण्णांना म्हणालं असेल की फौजेतला माणूस आहे, बघा एकदा. आण्णा घामानं भिजून खाली उतरले आणि म्हणाले, "पाव्हणं, ही लाखाची भट्टी इझवा की वो तेवढी!"

दाजींनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "कवापासनं?" आण्णा म्हणाले, "मुंबईस्नं आणली तवा आत हुडहुडी भरत हुती बघा. पूजा केली, आन् दुसऱ्या दिवसापासनं ह्ये." दाजींची नजर डॅशबोर्डवर गेली. तिथं चांदीचा गणपती होता, छोट्या मखरासकट, सोनाराकडून चार स्क्रूंनी पक्का बसवलेला. दाजी हळूच हसले. मला म्हणाले, "मास्तर, ह्या गाडीत वाऱ्याची झाकणं असत्यात. ती उघडझाप करायला इंजिन रबरी नळीतनं हवा ओढतं. नळीला भोक पडलं की ओढ संपली, झाकण गरमावरच अडकणार. आन् नळी ह्या देवाच्या बुडाखालनं गेलेली दिसतीय." सोनारानं देव बसवताना नळीच फाडली होती. इतकं सोपं. देव काढा, डॅशबोर्ड वरून खोला, नळी सांधा, झालं.

आण्णांनी दोन्ही हात आडवे धरले. "देव हलवायचा न्हाई! भटजीनं मंत्र म्हणून बसिवलाय. भट्टी तर भट्टी, देव हलायचा न्हाई." दाजींनी समजावलं, मी माझं मास्तरी शहाणपण पाजळलं. छे! आण्णा तसूभर हलेनात, मग देव कसला हलतोय. शेवटी दाजींनी समोरचा सामानाचा कप्पा सोडवून काढला आणि त्या भोकातून खालून हात घालायला लागले. पालथे झाले, उताणे झाले, मान वाकडी केली. आत बघायला जागा नाही, सगळं चाचपूनच करायचं. एक तर त्यांचा पंजा मनगटाच्या पुढं जाईना, आणि गेला असता तरी काय उपयोग? बोटांना तार कुठली, नळी कुठली, काही कळायचं नाही. बराच वेळ झटून ते बाहेर आले, पायरीवर बसले आणि स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. त्यांचं ते बघणं मला सहन होईना. सोमवार दोनच दिवसांवर होता. हे जमलं नाही तर दार उघडायचं आणि दार झाकायचं, मरेपर्यंत.

आण्णा म्हणाले, "का वो, काय अडलं?" दाजी उठून उभे राहिले. फौजी माणूस, उभं राहूनच सांगणार. "आण्णा, माझ्या बोटांना काय कळत न्हाई. बर्फात गेली. आत हात घालून उपेग न्हाई." इतकी वर्षं झाकलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडावर. मला वाटलं, आता आण्णा गाडी वळवणार. आण्णांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि विचारलं, "मग दुसऱ्या कुणाच्या बोटांस्नी कळंल?" दाजींनी घराच्या दाराकडे बघितलं. दारात आक्का उभी होती, हिरव्या बांगड्यांनी भरलेले हात पदरात घेऊन. ती आपल्या हाताकडे बघून म्हणाली, "माजा हात जाईल. पर ह्या बांगड्यांसकट न्हाई जायचा."

मग आई जी उसळली! "सवाष्णीचा हात मोकळा? आन् त्यो बी लोखंडात घालायला? डोकं फिरलंय का तुमचं?" इकडे देव हलायचा नाही, तिकडे बांगडी निघायची नाही. मी मधल्या मध्ये उभा. आक्का आईला म्हणाली, "आई, त्यो वॉचमन झाल्यावर बांगड्या घालून मी काय त्याला दार उघडायला जाऊ?" रागाच्या भरात नवऱ्याला अरेतुरे केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही, आणि दाजींना इतकं हसू आलं की आईसुद्धा गप्प झाली. मार्ग आण्णांनीच काढला. पोतं शिवायचा दोरा मागितला, आपल्या पिवळ्या बोटांनी तो चोळचोळ चोळला आणि आईच्या हातात दिला. "माऊली, हळदीचा दोरा बांधा लेकीच्या हाताला. मोकळा न्हाई म्हणायचा मग." आईनं बांधला. पुटपुटतच, पण बांधला.

बांगड्या काढल्या दाजींनी. साबणाचं पाणी घेऊन, आक्काचा पंजा चेपून, एकेक. आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. फुटणं हा शब्दच नको. दाजी सारखं म्हणत होते, "एक बी वाढवायची न्हाई. एक बी न्हाई." बोटांना कळत नसलेला माणूस, आणि काचेची बांगडी! आक्का सांगत होती, "दाबा... वाईच हळू... आता सोडा." सगळ्या निघाल्या, आणि दाजींनी त्या स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीवर ओवून ठेवल्या. त्या लांबलचक परदेशी गाडीत ती हिरवी रास अशी काही शोभत होती की आण्णा म्हणाले, "आता खरी सांगलीची झाली गाडी."

आक्कानं खांद्यापर्यंत हात आत घातला. दाजी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होते आणि ती सांगत होती. इंजिन सुरू होतं. "काय लागतंय?" "तार." "गार का गरम?" "गार." "पुढं जा. आता?" "पत्रा... गरम हाय." "त्याच्या उजवीकडं?" असं चाललं होतं. आणि एकदम आक्का किंचाळली, "आवं, बोट ओढतंय वो! वासरानं तोंडात घ्यावं तसं!" ती फाटलेल्या नळीची ओढ. दाजी आनंदानं इतक्या झटक्यात उठले की डॅशबोर्डवर डोकं आपटलं, गणपतीच्या बरोबर खाली. मग इंजिन बंद करून नळीची दोन तुटकी टोकं तिनं चाचपून शोधली आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचा तुकडा थुंकी लावून दोन्हीवर चढवला. गाडी पुन्हा सुरू झाली. वाऱ्याच्या जाळीपुढं गाल नेला असता तर दाजींना आपलं आपण कळलं असतं. पण ते आक्काकडे बघून म्हणाले, "सांग. गार का गरम?" तिनं जाळीपुढं हात धरला. "गरमच हाय की..." आण्णा पुढं वाकले. "गरमच... थांबा. थांबा!" आणि मग तिचं तोंड असं फुललं. "गार!" आण्णांनी गणपतीला हात जोडले, "देव पावला!" दाजी म्हणाले, "आण्णा, भोक बी त्यानंच पाडलं हुतं."

नंतर भर रस्त्यावर, गल्लीच्या देखत, दाजींनी आक्काच्या हातात बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही. पुरुषानं कासाराचं काम केलं म्हणून गल्ली पुढं वर्षभर त्यांना 'शंकर कासार' म्हणत होती आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. सोमवारी कुपवाडला ते गेलेच नाहीत. आण्णांनी साऱ्या बाजारात डंका पिटला, आणि बोटांची गोष्ट लपवायची राहिली नाही म्हणून असेल, पण लोकांना ती जोडीच आवडायला लागली. दाजींचं डोकं, आक्काचा हात. एका मोडीतल्या गाडीची गिअरची दांडी आणून त्यांनी वर्कशॉपच्या भिंतीत आक्काच्या खांद्याच्या उंचीला ठोकली, बांगड्या ठेवायला म्हणून. हळदीचा दोरा तिच्यावरच बांधलेला असायचा. कधीही जा, पत्र्याखालून आवाज यायचा, "गार का गरम?" आणि आक्काचं उत्तर. नवरा-बायको दिवसभर एवढंच बोलतात की काय, असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, "मास्तर, ह्याच्यापरीस जास्ती बोलून तुमी काय मिळिवलं?"

शेवटची भेट साताऱ्याच्या स्टँडवर. एक सुटा भाग न्यायला आले होते, उभ्या उभ्याच चहा घेतला, कप गालाला लावला, मी नेहमीसारखं चिडवलं. गाडी सुटताना खिडकीतून ओरडले, "रईवारी येतो. मटाण तिखट करा, मास्तरी मिळमिळीत नको!" आणि रविवारी मी त्यांच्या राखेपाशी उभा होतो. दाजी, असं कुणी वागतं का हो?

दाजी गेले त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. रीत असते तशी एकीनं दगड आणला, दुसरीनं आक्काचा हात धरला. आक्कानं हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "फोडायच्या न्हाईत. साबणाचं पाणी आणा." म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "आगं, आसं न्हाई चालत..." आक्का म्हणाली, "एक बी वाढवायची न्हाई. त्यांनी सांगितलंय." मग तिनं स्वतःच्या हातानं एकेक काढली. काढता काढता ओठांत पुटपुटत होती, मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं, "दाबा... हळू... सोडा." सगळ्या माझ्या ओंजळीत दिल्या. मी वर्कशॉपात जाऊन त्या दांडीवर ओवल्या. तिथंच आहेत अजून. दोराही आहे, हळद उडालेला.

गेल्या रविवारी मी सांगलीला गेलो होतो. आण्णा येऊन गेल्याचं आक्कानं सांगितलं. गाडी बाहेर उभी करून ते नुसते बसून राहिले आणि गेले. आम्ही दोघं वर्कशॉपात बसलो. मी खाली बसायला लागलो तर म्हणाली, "खुर्चीत बस की. रिकामी बघवत न्हाई." बसलो. ती आत गेली, चहा घेऊन आली, आणि मोकळ्या हातानं कप माझ्यापुढं धरून म्हणाली, "गरम हाय, जपून." म्हणाली आणि तिथंच थांबली. माझ्या बोटांना कळतं, तिला माहीत आहे. चटका बसत होता, तरी कप मी दोन्ही हातांनी घट्ट धरला, मग उचलून गालाला लावला. ती बघत होती. मी म्हणालो, "व्हय आक्का, गरम हाय." ती माझ्यापाशी खाली बसली आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा रडली.